सर्जेरावांचा पांढरा सदरा

मिरजेचे सर्जेराव रस्त्यावर उतरले की माणसं आपसूक बाजूला होत. असा माणूस आपली जुनी मॉरिस मायनर गाडी विकत घ्यायला म्हणून बघायला येणार म्हटल्यावर वत्सलाताईंना सकाळपासून चैन पडेना. उद्या कायमचं लेकीकडे जायचं होतं आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गाडी पुसून झाली, गाडीखालची फरशी पुसून झाली, तरी त्यांचं आत-बाहेर चालूच होतं.

सर्जेराव आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. "या विलायती गाड्यांचं तेल गळतं," म्हणत ते थेट इंजिनाखाली उताणे शिरले. बराच वेळ इकडून तिकडे सरकले आणि उठून म्हणाले, "अहो, धार लागलीय! भंगाराच्या भावात देता का?"

ताई गाडीखाली बघायला वाकल्या. तेवढ्यात त्यांची नजर सदऱ्यावर गेली. त्यांनी सर्जेरावांभोवती एक चक्कर मारली. पाठीपोटावर कुठं एक ठिपका नव्हता.

"सर्जेराव," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बघून माणसं बाजूला होतात, हे ठाऊक होतं. पण तेलाची धारसुद्धा बाजूला होते?"

सर्जेरावांनी मान खाली घालून सदरा पाहिला आणि ताईंनी सांगितलेल्या किमतीत मुकाट्यानं किल्ली मागितली.