आडनाव: महाराज

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना घेऊन विमानतळाच्या दाराशी गेला आणि दाराशीच अडला. आता तुम्ही म्हणाल, दृष्टांतात विमानतळ कुठून आला? अहो, नदी, होडी आणि नावाडी यांचे दृष्टांत सांगून सांगून आम्ही ते झिजवून टाकले. माणूस जिथे अडायचा तिथे अडतोच, मग ते दार कुठलंही असो.

शिष्याचं नाव पद्माकर. वय पंचेचाळीस, शाळेत गणित शिकवायचा आणि गेली बारा वर्षं गुरूंच्या प्रवचनांची सगळी व्यवस्था पाहायचा. सतरंज्या, ध्वनिक्षेपक, निमंत्रणपत्रिका, हारतुरे, सगळं त्याच्याकडे. गुरू एक्याऐंशी वर्षांचे. उपनिषदांवर बोलू लागले की दोन तास सभागृहात कुणी चुळबुळ करीत नसे. पुण्यात लोक त्यांना नानामहाराज म्हणत. पत्रिकेवर तेच, फलकावर तेच, आणि समोर असले की नुसतं ‘महाराज’.

महाराजांची थोरली बहीण अक्का नागपूरला लेकाकडे असे. त्या लेकाचा एका संध्याकाळी फोन आला. “मामा, डॉक्टरांनी दोन दिवसांचं सांगितलंय. आई सारखी तुमचं नाव घेतेय. येताय ना?” महाराज ‘येतो’ म्हणाले. रेल्वेचा लांबचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. पद्माकरनं ताबडतोब दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढली.

तिकीट काढताना मोबाइलनं विचारलं, पहिलं नाव? त्यानं लिहिलं, नाना. आडनाव? बोट क्षणभर थांबलं. मग त्यानं लिहिलं, महाराज. घरबसल्या चेक-इन केलं, महाराजांना खिडकीजवळची जागा घेतली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोघांचे बोर्डिंग पास छापून आणले आणि महाराजांचा पास तर चक्क लॅमिनेट करून घेतला. महाराजांचा पहिला विमानप्रवास! तो पास देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, फोटो काढून शिष्यपरिवाराच्या ग्रुपवर टाकला. नमस्कारांचा नुसता पाऊस पडला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

विमानतळाच्या दारातल्या जवानानं महाराजांचं ओळखपत्र पाहिलं, चकचकीत पास पाहिला, पुन्हा ओळखपत्र पाहिलं आणि मान हलवली. दोन्हींवरचं नाव जुळत नव्हतं. त्यानं ओळखपत्र महाराजांच्या हातात परत दिलं आणि शेजारच्या विमान कंपनीच्या खिडकीकडे बोट दाखवलं. महाराजांनी ते कार्ड पुन्हा आपल्या कापडी बटव्यात ठेवलं.

खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. पद्माकर तणतणतच तिथे पोचला.

“अहो ताई, हा काय प्रकार आहे? हे कोण आहेत, ठाऊक आहे का तुम्हाला? अर्धं पुणं ह्यांच्या पाया पडतं!”

“तेच विचारतेय सर,” ती शांतपणे म्हणाली. “कोण आहेत हे? ओळखपत्रावरचं पूर्ण नाव सांगा. वीस मिनिटांत चेक-इन बंद होईल. हे तिकीट रद्द करते आणि त्याच जागेवर नवीन काढून देते.”

पद्माकरनं तोंड उघडलं आणि त्याची दातखीळच बसली.

महाराजांच्या चहात साखर किती, हे त्याला ठाऊक होतं. कुठला गुडघा दुखतो, कुठल्या मंत्राशी आवाज कापरा होतो, पांघरूण जाड लागतं की पातळ, सगळं ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं! बारा वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. गुरूंचं नाव घेऊ नये, एवढं तो शिकला होता. ते निदान माहीत असावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तुम्ही ह्यांचे कोण?” मुलीनं विचारलं.

“शिष्य,” तो म्हणाला. एवढा मोठा शब्द, पण त्याच्या तोंडून जेमतेम बाहेर पडला.

मागून एक गृहस्थ ओरडले, “अहो, उरका की लवकर! आम्हालाही जायचंय.”

महाराज पुढे आले. त्यांनी बटव्यातून कार्ड काढलं. ते मुलीच्या हातात द्यायचं, तर त्यांनी पद्माकरच्या हातात दिलं आणि म्हणाले, “तू वाच. मोठ्यानं वाच.”

पद्माकरनं कार्डाकडे पाहिलं. दगडू बाळाजी सुतार.

दगडू! खरं तेच सांगायला हवं, म्हणून सांगतो. त्या क्षणी त्याला गुरूंच्या नावाची लाज वाटली. अर्धं पुणं पाया पडतं, असं आत्ताच बजावून झालं होतं, आणि आता ह्या रांगेसमोर दगडू म्हणायचं? तो खालच्या आवाजात पुटपुटला.

“ऐकू आलं नाही, सर.”

तो पुन्हा पुटपुटला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्या वेळी मात्र त्यानं एकेक अक्षर स्पष्ट उच्चारलं, “दगडू बाळाजी सुतार.” मुलीची बोटं भराभर चालली. तिला त्या नावात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिनं ते लिहून घेतलं, बस. आणि मग पद्माकरला आपल्या लाजेचीच लाज वाटली. ती पहिलीपेक्षा जड होती. महाराजांकडे वर मान करून पाहण्याची त्याची छाती होईना.

नवा पास मिळाला, दार ओलांडलं, तपासणी झाली. आत खुर्च्यांवर दोघे शेजारी बसले.

“महाराज, मला क्षमा करा. माझ्यामुळे अक्कांची भेट हुकली असती. पण एक विचारतो. कार्ड त्या मुलीच्या हातात दिलं असतं, तरी भागलं असतं. चारचौघांत मला वाचायला लावलंत. मला धडा द्यायचा होता, होय ना?”

महाराज हातातल्या नव्या पासवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले,

“धडा? नाही रे बाबा. ते नाव माझ्याच्यानं म्हणवेना, म्हणून तुझ्या हातात दिलं. माझ्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो, तेव्हा अक्का सात वर्षांची. तिनं अंगणातला एक दगड उचलून आणला आणि आईला म्हणाली, ह्याला दगडू म्हण, दगडाला कोण नेणार? त्या नावानं मी जगलो. पुढे चार बुकं शिकलो, व्यासपीठावर बसलो, कुणीतरी महाराज म्हणालं. गोड वाटलं रे. घरची माणसं एकेक करून गेली. बायकोनं नाव घेतलं, ते एकदाच, लग्नातल्या उखाण्यात. त्या नावानं हाक मारणारी एक अक्का तेवढी उरली, आणि तिला मी वीस वर्षांत एकाही प्रवचनाला बोलावलं नाही. भर सभेत ‘दगड्या’ म्हणाली तर, ह्या भीतीनं! नामरूपाच्या पलीकडे पाहा, म्हणून जगाला सांगत बसलो आणि स्वतः एका नावाला भिऊन लपलो. तू विचारलं नाहीस, ही तुझी चूक आहे. मी सांगितलं नाही, हे माझं पाप आहे.”

मग महाराजांनी विचारलं, “तुझ्या आईचं नाव काय रे?”

“शेवंता.”

“बारा वर्षं तिच्या हातची भाकरी खातोय मी,” महाराज म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

संध्याकाळ व्हायच्या आत दोघे नागपूरच्या घरी पोचले. अक्का पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. अगदी मूठभर झाल्या होत्या. भाचा वाकून म्हणाला, “आई, बघ, मामा आलेत.” हालचाल नाही. ‘अक्का, महाराज आलेत’, हे शब्द पद्माकरच्या अगदी ओठावर आले होते. त्यानं जीभ चावली.

महाराज पलंगाच्या कडेला टेकले. तिचा हात हातात घेऊन म्हणाले, “अक्का, मी दगडू.”

म्हातारीनं डोळे उघडले. “दगड्या,” ती म्हणाली, “किती रे उशीर केलास! जेवलास का?”

ज्यांच्यासमोर माणसं दोन दोन तास निश्चल बसत, ते महाराज तिच्या तळहातात तोंड खुपसून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. “मला लाज वाटत होती गं, अक्का.”

“कशाची रे?” तिनं विचारलं.

उपनिषदं तोंडपाठ असलेल्या माणसानं तिचा हात नुसता कपाळाला लावला. दाराशी उभ्या असलेल्या पद्माकरकडे तिची नजर गेली. “आणि हा कोण?”

“हा पद्माकर,” महाराज डोळे पुसत म्हणाले. “शेवंताबाईंचा मुलगा.”

पद्माकर बाहेर अंगणात आला. खिशातून त्यानं तो लॅमिनेट केलेला पास काढला, नाना महाराज असं छापलेला, हळदकुंकवाचा डाग पडलेला. फाडून टाकावा म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला. कागद असता तर फाटला असता. अजून तो त्याच्या टेबलाच्या खणात आहे, आणि खण उघडला की त्याची मान आपोआप खाली जाते.

ज्याच्या पायावर डोकं ठेवतो, त्याला कधीतरी समोर बसवून नाव-गाव विचारावं, एवढंच आपल्यालाही ह्यातून घेता येईल.