राही आणि घोरणारा रांजण

एकदा काय झालं, एका राजाची झोप उडाली. उडाली ती उडालीच, परत आलीच नाही. उशी इकडं घेतली, उशी तिकडं घेतली, पाय वर केले, पाय खाली केले, तरी राजा आपला टक्क. लोक त्याला टक्कराजा म्हणायचे. तोंडावर नाही बरं का, तोंडावर महाराजच.

आता झोप उडाली कशानं? तर या राजानं लढाया फार केल्या होत्या. डोळा मिटला की लढाईत मेलेली माणसं यायची आणि पलंगाच्या कडेला बसायची. मारायची नाहीत, ओरडायची नाहीत. नुसती बसायची. राजा घाबरून डोळे उघडायचा. मग कशाची झोप येते?

मग राजाकडं आला एक जादूगार. त्यानं दिला एक रांजण. म्हणाला, "महाराज, सगळ्या मुलखाची झोप यात भरून घ्या आणि याला टेकून निजा." राजा म्हणाला, "ये गं झोपे." तशी घराघरातनं झोप निघाली आणि रांजणात जाऊन बसली. झाकण बसलं घट्ट. जादूगार म्हणाला, "आता तुम्ही निजलात तरच हे झाकण उघडेल." आणि गेला निघून. असली माणसं नेमकी तेव्हाच निघून जातात.

आणि गंमत ऐका. रांजण लागला घोरायला. घुर्रर्र, घुर्रर्र. अगदी तुमच्या आजोबांसारखा. रांजण घोरतोय आणि राजा शेजारी टक्क.

इकडं मुलखात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. तान्ही पोरं रडून रडून लालबुंद. म्हशी जांभया देतायत. सासवा सुनांवर खेकसतात, सुना भांड्यांवर. न्हाव्यानं तर पाटलाची एकाच बाजूची मिशी उतरवली, आणि पाटलाला संध्याकाळपर्यंत पत्ता नाही.

राजाच्या गडाखाली एक गाव होतं, तिथं होती राही. तिचा नवरा सिदू राजाच्या लढाईत गेला, तो आलाच नाही. माळावर पाणी पाणी करत पडला होता म्हणे, जवळ कुणी नव्हतं. पण झोपेत यायचा. रोज यायचा. उंबऱ्याशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "राही, पाणी दे गं." राही तांब्या भरायला आत वळायची, आणि भरून आणतेय तोवर तिला जाग यायची. रोज असंच. तरी ती दिवसभर, निंदताना, दळताना, त्याच घटकेची वाट बघायची. तेवढाच तो दिसायचा ना. आणि आता झोपच गेली. म्हणजे सिदू दुसऱ्यांदा गेला.

राही तोंडाची तिखट होती, आणि हाताची त्याहून. तिनं उचललं मुसळ. म्हणाली, "चला, रांजण फोडू." लोक निघाले काठ्या, कोयते घेऊन. गडाच्या दाराशी शिपाई उभे. झाली की हाणामारी. राहीनं एका शिपायाच्या टाळक्यात मुसळ घातलं. तो पडला धाडकन. मिशा एवढ्या मोठ्या, पण आवाज निघाला एवढासा. म्हणाला, "पाणी."

राहीच्या हातातनं मुसळ गळालं. ती पळत आडावर गेली, तांब्या भरला, पळत परत आली. पळताना मनात एकच, मी पोचेपर्यंत हा जाईल. पण तो होता. घटाघटा प्याला. मग टेंगूळ चोळत म्हणाला, "काय बाई तुम्ही. आधी हाणता काय, मग पाजता काय."

आणि त्या आरडाओरड्यानं वर काय झालं? झोप भ्याली. झोपेला आवाज खपतो होय? ती गेली रांजणाच्या तळाला, आणि झाकण बसलं आणखी घट्ट.

मग राही लोकांना म्हणाली, "परत गडावर जायचं. पण हात रिकामे घेऊन. मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, पळायचं नाही. झोप मिळेस्तोवर गडाच्या पायरीवर बसायचं."

बाळू लोहार म्हणाला, "आणि त्यांनी मारलं तर?"

"तर दुखेल," राही म्हणाली.

बसले. शिपायांनी काठ्या चालवल्या, आणि दुखलं. राहीच्या पाठीवर वळ उठले. तिचा हात एकदा नाही, दोनदा शिवशिवला, तर तिनं तो मांडीखाली दाबून धरला. शेवटी शिपाईच थकले. त्यांना तरी कुठं झोप होती? एकेक जण काठी टाकून पायरीवर येऊन टेकला. टेंगूळवाला तर राहीच्या शेजारीच.

मग राहीचं नाव झालं. लोक पाया पडायला लागले. राहीमाय इकडं, राहीमाय तिकडं. कुणी बसायला पाट आणला. मग पाटावर गादी आली. राही बसली ऐटीत. मान तिरकी करून बोलायला लागली, देवळातल्या देवीसारखी. देवी तरी कधी बोलते का? पण ही बोलायची.

हे राजाच्या कानावर गेलं. त्यानं तिला बोलावलं. राही म्हणाली, "महाराज, आमची झोप द्या."

राजा म्हणाला, "अगं, मी निजल्याशिवाय झाकण निघत नाही. स्वतःला स्वतः थोपटता येतं का? तू थोपट."

दुपारची वेळ होती, राजाचं जेवण झालेलं. राही बसली थोपटायला. मनात म्हणाली, बघा रे, राजाला निजवणारी मी. थप. थप. धप्प. राजा उठून बसला. म्हणाला, "थोपटतेस का कणीक तिंबतेस? जा घरी."

राही पायरीवर आली. पाट बघितला, गादी बघितली, आणि तिचं तिलाच हसू आलं. गादी दिली टेंगूळवाल्याला, आणि आपण बसली खाली, धुळीत. कुणाच्या पोराचं नाक पुसलं, कुणाच्या भाकरी थापल्या. भाकरीचं कसं असतं, हात जड पडला की फाटते. राहीच्या फाटायच्या. राग आला की फाटायच्या, कुणी पाया पडलं की फाटायच्या. थापत राहिली, थापत राहिली. मग कधीतरी त्या फाटायच्या थांबल्या. तेव्हा म्हणाली, "आता जाऊन बघते."

गेली. तेव्हाही दुपारच होती. हलक्या हातानं थोपटायला लागली. राजाचे डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच राजा बोलायला लागला, "आले गं सगळे. बसले. तो कडेचा, हनुवटीवर चीर आहे बघ, तो एकटाच बोलतो. म्हणतो, पाणी दे."

राहीचा हात थांबला. लहानपणी चिंचेवरनं पडला होता सिदू. तेव्हाची ती चीर.

"कसा दिसतो?" राही म्हणाली.

"वाळलाय."

"आणखी?"

"मधेच हसतो. दात पुढं आहेत जरा."

"आणखी सांगा."

राजा सांगत राहिला आणि राही विचारत राहिली. तिला वाटलं, हा राजा असाच अर्धा जागा राहावा. आपल्याला नाही दिसत, तर याच्या डोळ्यांतनं तरी दिसेल. थोपटायचं राहूनच गेलं. खाली पायरीवर तान्ही पोरं रडत होती, तो आवाज वरपर्यंत येत होता.

काय करायचं ते राहीला कळत होतं बरं का. न कळायला ती काय तुमच्यासारखी आहे? पण तहान होती म्हणून तर तो उंबऱ्याशी यायचा. तहान भागली की कशाला येईल? ती बसून राहिली. ऊन पलंगावरनं खाली उतरलं, भिंतीकडं गेलं. अजून एकदा विचारू, अजून एकदाच, असं तिचं चाललं होतं.

मग म्हणाली, "महाराज, डोळे उघडू नका. त्याला पाणी द्या."

"मी?"

"तुम्हीच. तुमच्या लढाईत तहानला तो. तांब्या भरा. घाई नको, तो थांबेल."

"आणि मला मारलं त्यानं?"

"नाही मारायचा. माझा नवरा आहे तो."

राजाच्या मिटल्या डोळ्यांतनं पाणी आलं. राहीनं पुन्हा हात उचलला. याच माणसानं आपला माणूस नेला, हे ती विसरली नव्हती. विसरून थोपटणं सोपं असतं, पोरांनो. तिनं आठवत आठवत थोपटलं. आणि हात पडला पिसासारखा.

"प्याला," राजा पुटपुटला. "सगळं प्याला. आता निघाला. दाराशी वळून काहीतरी म्हणतोय."

"काय म्हणतोय?" राही म्हणाली.

पण राजाला झोप लागली होती.

झाकण उघडलं. झोप निघाली, जिन्यावरनं उतरली, पायरीवर आली. शिपाई बसल्या जागी लवंडले. बाळू लोहार तोंड उघडं टाकून पसरला. पोरं निजली, म्हशी निजल्या, अर्ध्या मिशीचा पाटील निजला. आणि राही तिथंच, पलंगाच्या कडेला डोकं टेकून निजली.

सिदू आला का? नाही आला. दुसऱ्या दिवशी पण नाही.

राजा उठला तो निराळाच. पलंगाच्या कडेला अजून कितीतरी माणसं बसलेली होती ना. एकेकाला पाणी पाजायचं म्हणजे जन्म जायचा. त्यात आणखी भर कोण घालतंय? त्यानं लढाया सोडल्या. रांजण पोरांनी खेळता खेळता फोडला. लोक भांडणं घेऊन राहीकडं यायचे, आणि ती भाकरी थापता थापता मिटवायची. बायका हळूच विचारायच्या, "राहीमाय, येतो का गं सिदू?" ती म्हणायची, "नाही बाई. आता कशाला येतोय?" आणि निजायची मात्र दाराकडं तोंड करून.

अशी तिकडं सगळी सुखानं निजली आणि सुखानं उठली. तुम्ही आज नुसतं निजा, उठायचं उद्या बघू. ए, एक डोळा किलकिला करून बघतंय कोण? मिट तो.