रुप्याचा टाक आणि वाटीभर पाणी

फार पूर्वी, औषधांच्या पोथ्या जेव्हा हातानंच काढाव्या आणि हातानंच रंगवाव्या लागत, तेव्हा एका गावात नुसते चितारीच राहायचे. गावाच्या मधून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या अलीकडे रेघआळी, पलीकडे रंगआळी. रेघआळीतल्या माणसांनी चित्राची काळी रेघ काढायची आणि रंगआळीतल्या बायामाणसांनी त्या रेघेच्या आत रंग भरायचा. हा रिवाज किती पिढ्यांचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मान मात्र सगळा रेघेला. चित्राच्या कोपऱ्यात नाव लागे ते रेघ काढणाऱ्याचं. तो कागद टोपलीत ठेवी, टोपली ओढा ओलांडून जाई, आणि पुढे त्या कागदाचं काय होतं हे बघायला रेघआळीतला कुणीही पलीकडे पाऊल टाकत नसे. रंगवलेलं चित्र परत आलं की कोपऱ्यातलं आपलं नाव वाचायचं आणि मिशीला पीळ द्यायचा, एवढंच त्यांचं उरलेलं काम.

रंगआळीत गोजरा नावाची एक बाई होती. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या रेघांत रंग भरत होती. तिच्या हाताचं कौतुक करावं तेवढं थोडं. मोहरीएवढ्या फुलात ती तीन रंग भरी, तरी एक रंग दुसऱ्याला शिवत नसे. पण तिच्या मनात एक इच्छा घर करून होती. आयुष्यात एकदा तरी रेघ आपल्या हातानं काढावी! दुपारची भांडी घासून झाली की ती टाकाऊ कागदाच्या तुकड्यांवर पानं, फुलं, किडेमुंग्या काढत बसायची. दाखवायची कुणालाच नाही. गावात हसं व्हायला वेळ लागत नाही.

एके दिवशी एक म्हातारे वैद्यबुवा गावात आले. त्यांनी पारावर दोन हिरवी पानं ठेवली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"नीट बघा," ते म्हणाले. "दोन्ही पानं सारखीच दिसतात. पण याच्या काठाला करवतीसारखे दात आहेत, त्याचा काठ साधा आहे. दातांचं पान ताप उतरवतं. साध्या काठाचं पोटात गेलं तर माणूस आडवा होतो. गेल्या वर्षी तुमच्याच गावातून मी पोथी नेली. तिच्यात रेघेबाहेर रंग फुटला होता आणि दात पुसले गेले होते. ती पोथी बघून एका आईनं आपल्या तापलेल्या लेकीला भलतंच पान दिलं. पोर तीन दिवस तडफडली. वाचली, हे तिचं नशीब."

गोजरानं मान खाली घातली. ती पोथी रंगवायला आली तेव्हा गोजरा स्वतःच तापानं अंथरुणाला खिळली होती आणि काम दुसऱ्यांनी घाईघाईत उरकलं होतं.

"आता मला नवी पोथी हवी," वैद्यबुवा म्हणाले. "दोनशे पानांची. ज्याला वाटेल त्यानं ही दोन पानं काढून आठ दिवसांनी आणावीत. ज्याची रेघ टिकेल, त्याला काम."

नागोजी उठला. नागोजी म्हणजे रेघआळीचा मुख्य चितारी, गावात त्याच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. "यात परीक्षा कसली? पोथी माझ्याकडेच येणार," तो म्हणाला.

"मीही काढीन म्हणते," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गोजरा होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य तोंडातून कसं निघून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

नागोजी खो खो हसला. "अगं गोजरे, रंग कुणीही भरतं. पापड लाटावा तसं ते काम. रेघेला हात लागतो, हात! पण काढ, काढ. हरलीस तर मात्र पुन्हा लेखणीला शिवायचं नाही. आणि दुपारी कागदाच्या तुकड्यांवर गिरबटतेस ना, तेही बंद. कबूल?"

त्याला ते तुकडे माहीत होते तर! कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. त्या तुकड्यांखेरीज गोजराचं स्वतःचं असं काही नव्हतंच.

"कबूल, दादा," ती म्हणाली.

त्या आठवड्यात बाजारात दूरदेशचा एक व्यापारी आला होता. त्यानं मखमलीवर रुप्याचे टाक, म्हणजे रुप्याच्या टोकाच्या लेखण्या, मांडले होते. हस्तिदंती दांडी, वर वेलबुट्टी आणि पुढे सुईसारखं टोक. आता, त्या गावात लेखणी घेण्याची एक रीत होती. दुकानात उभं राहायचं, कागदावर एक 'श्री' लिहायचा, तो ठसठशीत उमटला की लेखणी चांगली. बाप हेच करायचा, म्हणून मुलगाही हेच करायचा.

नागोजीनं 'श्री' लिहिला. काय तो श्री! बघणाऱ्यांच्या तोंडून आपोआप "वाहवा" निघाली. नागोजीनं किंमतसुद्धा न विचारता टाक घेतला.

मग गोजरानं तसाच दुसरा टाक हातात घेतला. खोटं कशाला बोला, तिला तो मनापासून आवडला. रेघ केसासारखी बारीक आणि काळीभोर. व्यापारी हसून म्हणाला, "बाई, पैसे नसतील तर हातातल्या पाटल्या चालतील." त्या पाटल्या तिच्या आईच्या होत्या. तरी एक पाटली मनगटावरून पुढे सरकलीसुद्धा. पण वीस वर्षं ओल्या कुंचल्याशी खेळलेला हात तो, त्याला त्याची सवय आठवली.

"जरा पाणी मिळेल का?" तिनं विचारलं.

"पाणी कशाला?"

"रेघ वाळली की वरून फिरवून बघते."

"बाई, टाक लिहायला असतो, आंघोळ घालायला नसतो!" व्यापारी म्हणाला, आणि भोवतालचे सगळे हसले. गोजरानं टाक मखमलीवर ठेवला, पाटली मागे सारली आणि ती पुढे चालू लागली.

बाजाराच्या शेवटी, जांभळीखाली, एक म्हातारी बोरू विकत बसायची. बोरू म्हणजे ओढ्याकाठच्या पोकळ काड्या तासून केलेल्या लेखण्या. हिशेब लिहिणारे घ्यायचे, शाळेतली पोरं घ्यायची. चितारी तिच्याकडे ढुंकून बघत नसत.

"आजी, थोडं पाणी देता?"

"तहान लागली का गं लेकी?"

"मला नाही, रेघेला."

म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि लोट्यातलं पाणी वाटीत ओतून पुढे ठेवलं. गोजरानं 'श्री' लिहिलाच नाही. ती पानाच्या काठाचे करवतीसारखे दात काढत बसली. दात काढायचे, शाई वाळेपर्यंत थांबायचं, मग ओलं बोट वरून फिरवायचं. पहिल्या बोरूची रेघ जाड आली. दुसऱ्यानं मधेच शाईचा थेंब टाकला. एक इतका कोवळा निघाला की चार दातांत त्याचं टोक झाडूसारखं पसरलं. गिऱ्हाइकं येत होती, जात होती आणि गोजरा आपली दात काढतच होती. उन्हं उतरायला लागली, तेव्हा खडकाळ काठावरच्या एका बारीक, कडक बोरूनं काढलेले दात पाण्याखालीही जागच्या जागी राहिले.

"चांगला आहे तो," म्हातारी म्हणाली. "पण आधीच सांगते, त्याचं टोक लवकर झिजतं."

"झिजू दे की, आजी. चाकू आहे माझ्याकडे. आणि पेंढीत वीस आहेत."

एका नारळाच्या मोलात वीस बोरूंची पेंढी आली. पाटल्या हातातच राहिल्या.

"जन्म गेला माझा बोरू विकण्यात," म्हातारी म्हणाली, "पण पाणी मागणारी तूच पहिली."

नागोजी आणि गोजरा दोघंही कामाला लागली. नागोजीचा टाक चौथ्या दिवशी बोथटला. रुप्याचं टोक तासणार कसं? त्यानं हात दाबून रेघ काढली. गोजराचा बोरू तर दहा दातांतच झिजायचा. ती लगेच नवं टोक तासायची, आणि बोरू फारच आखूड झाला की टाकून दुसरा घ्यायची. स्वस्त वस्तूचं हेच सुख, वापरताना जीव खालीवर होत नाही. आठ दिवसांत तिच्या उंबऱ्याशी बोरूच्या सालींचा ढीग साचला.

आठव्या दिवशी पारावर दोन्ही कागद मांडले गेले. नागोजीची रेघ बघून लोक हरखले. गोजराची रेघ साधी होती, नेटकी होती, पण डोळे दिपवणारी नव्हती. "झालं," गोजरा मनात म्हणाली, "माझे तुकडेही गेले." आणि तिला रडू यायला लागलं.

वैद्यबुवा म्हणाले, "थांबा. पोथीत पान काळं नसतं, हिरवं असतं. रंग भरल्याशिवाय मी निवाडा कसा करू? गावात रंगाला उत्तम हात कुणाचा?"

"गोजराचा," रंगआळीतली माणसं एका आवाजात म्हणाली.

"हे बरं आहे!" नागोजी उसळला. "ती माझी रेघ मुद्दाम फोडेल."

"मग दोन्ही कागद तुम्हीच रंगवा," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. "रंग कुणीही भरतं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. नागोजीनं जन्मात पहिल्यांदा कुंचला हातात धरला. हिरव्या रंगात बुडवला आणि आधी स्वतःच्या कागदावरच्या दातांच्या पानावर टेकवला. रंग काठाशी गेला आणि थांबलाच नाही. रुप्याच्या टोकानं कागदाचा घोटून गुळगुळीत केलेला वरचा थर खरवडला होता. त्या ओरखड्यांतून पाणी शिरलं, एक दात गेला, दुसरा गेला आणि बघता बघता औषधाचं पान विषाच्या पानासारखं दिसू लागलं.

"माझा हात नवा आहे," नागोजी पुटपुटला. "म्हणून फुटलं."

"असेल," वैद्यबुवा म्हणाले. "त्याच हातानं आता दुसरं भरा."

नागोजीनं गोजराच्या कागदावर कुंचला टेकवला. रंग जास्त झाला होता. तरी हिरवं पाणी प्रत्येक दाताशी आलं आणि शहाण्या गुरासारखं कुंपणापाशी उभं राहिलं. पान वाळलं. वैद्यबुवांनी नख लावून दात मोजले. एकही कमी नव्हता.

सगळे नागोजीकडे बघत होते. तो मात्र आपल्या फुटलेल्या पानाकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "गोजरा, मी आजवर धातूचेच टाक वापरले. मग इतकी वर्षं माझ्या रेघा फुटल्या कशा नाहीत?"

गोजराला वाटलं, बोलू नये. पण खोटंही बोलवेना.

"फुटत होत्या, दादा," ती म्हणाली. "आम्ही सांभाळून घेत होतो. तुमचा कागद आला की रंगात पाणी कमी घालायचं, काठाशी श्वास रोखून भरायचं. आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे."

नागोजी गर्विष्ठ होता, पण बेइमान नव्हता. डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं पारावर ठेवलं. "वीस वर्षं तुम्ही माझं नाव राखलंत, आणि मी ओढा ओलांडून एकदा बघायलासुद्धा आलो नाही," तो म्हणाला. "पोथी तुझी, गोजरा. आणि तुझी हरकत नसेल, तर तिच्यात रंग मी भरीन. आधी शिकव मात्र."

गोजराला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "शिकवते की. पापड लाटण्याएवढं सोपं नाही हं, दादा!"

दोनशे पानांची पोथी पुरी झाली. गावात पहिल्यांदाच प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दोन नावं लागली, एक रेघेचं आणि एक रंगाचं. पुढे कितीतरी तापलेली लेकरं त्या पोथीनं उठून बसली.

आणि त्या गावात लेखणी घ्यायची रीतही बदलली. लोक अजूनही दुकानात उभं राहून 'श्री' लिहितात. पण मग शाई वाळेपर्यंत थांबतात आणि त्यावरून ओलं बोट फिरवतात. त्यासाठी जांभळीखाली पाण्यानं भरलेली एक वाटी नेहमी ठेवलेली असते.

तात्पर्य: हत्याराचं मोल त्याच्या किमतीवरून किंवा दुकानातल्या झळाळीवरून ठरवू नये. आपल्यामागून त्या कामाला ज्याचा हात लागणार आहे, त्याला विचारून ठरवावं.