घणानं भात्याला इचारलं

अवजारं माणसांपेक्षा जास्त बडबडायची, तवाची गोष्ट. गेनू लोहाराच्या पालात घण लई तोऱ्यात असायचा. भट्टीजवळच्या भात्याशी बोलणं म्हंजी त्याला कमीपणा वाटायचा. लोखंड पुरतं तापलं का, हे न इचारताच हाणायचा. दोन कुऱ्हाडी तडकल्या, तसा गेनू भडकला, "आता तडकली तर ह्या घणालाच वितळवतो!"

घणाला घाम फुटला. "भातेदादा, हाणू का?"

"अरं तिच्या, तुला बोलता येतं व्हय!" भाता फुसफुसत हसला. "दम धर, अजून लालच हाय. पिवळं होऊ दे... हां, हाण आता!"

कुऱ्हाड अशी देखणी उतरली, की गिऱ्हाइकानं बोट फिरवत इचारलं, "कुणी घडवली रं?"

गेनूनं तोंड उघडायच्या आत घण छाती फुगवून ठणठणला, "आम्ही दोघांनी!"