आरशांचं कपाट

फार वर्षांपूर्वी एका सुताराच्या पडवीत जुनं सागवानी कपाट होतं. त्याच्या माथ्यावर चिमणीचं घरटं होतं. कपाटाला आपल्या ओरखड्यांची फार लाज वाटे. एके दिवशी सुताराने त्याच्या दारांवर आरशाचे तुकडे जडवले, तेव्हा ते हरखून गेलं.

चिमणी दाणे घेऊन परतली. आरशात तिला परकी चिमणी दिसली.

"माझ्या घरट्याशी कोण गं तू?" म्हणत ती चोची मारू लागली.

"अगं, ती तूच आहेस!" कपाट कळवळून म्हणालं.

"खोटं! माझी जागा तू तिला दिलीस," म्हणत चिमणी रक्ताळलेल्या चोचीने पुन्हा झेपावली. दिवस कलताना ती खाली पडली, ती उठलीच नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. आरशात बघून त्याने पागोटं सारखं केलं. "वा, काय देखणं कपाट!"

जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याला देखणं म्हटलं होतं, आणि कपाटाला ते ऐकवेना.