रिकाम्या बाजूचे टाके

उघड्या अंगावर पांघरूण घालणे हे पुण्य खरे; परंतु त्या पुण्यात कोणाला वाटा द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे आपणच ठरवू लागलो, की त्याच पुण्याला अहंकाराची कसर लागते.

घाटमाथ्यावरील कासारखिंड या गावी श्रीपूर्णगिरी महाराजांचा मठ होता. त्या वर्षी ऐन मार्गशीर्षात शेजारची धनगरवाडी आगीत भस्मसात झाली आणि लेकरेबाळे उघड्यावर कुडकुडू लागली. महाराजांच्या शब्दासरशी गावातील स्त्रिया जुनी लुगडी घेऊन सभामंडपात जमल्या व गोधड्या शिवू लागल्या. कावेरीबाई देशमुख त्यांच्या प्रमुख. त्यांचा टाका मोत्यांच्या सरासारखा. आणि तो तसा आहे, याचा त्यांना कधी विसर पडत नसे.

भिवा कुंभाराची बायको सगुणा याच कामात होती. आपल्या हातची एक तरी गोधडी वाडीवर जावी, असा तिने देवापुढे संकल्प केला होता. गोधडी अर्धी झाली आणि तापाने तिला नेले. सुतक फिटताच भिवा ती अर्धी गोधडी खांद्यावर टाकून मठात आला. गोधड्यांची शेवटची गाडी दुसऱ्या दिवशी वाडीकडे निघणार होती.

“बाईसाहेब, एवढी पुरी करू द्या,” तो दारातूनच म्हणाला.

कावेरीबाईंची सुई थांबली. “कोण, तू? अरे, हे चाक नव्हे, काठी घातली की फिरायला!”

“भिवाभाऊजी, आधी दोरा तर ओवून दाखवा!” एक बाई म्हणाली, आणि मंडप हसला.

भिवाने दोरा ओठांत ओला केला, सुईच्या नाकाशी बराच वेळ झुंजला आणि अखेर ओवला.

“ओवलास, पण समोर कोण बसणार?” कावेरीबाई म्हणाल्या. “समोरून कोणी ताणून धरलं नाही, तर आतले पदर गोळा होतात. परक्या पुरुषासमोर माझी एकही बाई बसायची नाही. आणि चुण्यांची गोधडी मी गाडीत घालू देणार नाही, सांगून ठेवते.”

भिवाची मान खाली गेली. पाय मात्र मागे सरले नाहीत.

इतक्यात महाराज बाहेर आले. “भिवा, सगुणेचा संकल्प पुरा करायचा आहे ना?”

“व्हय महाराज. त्याबिगर घास गिळवत न्हाई.”

“मग बस. तू आपली बाजू धर,” महाराज म्हणाले. “समोरच्या बाजूची काळजी ज्याची त्याला आहे.”

भिवाने कोपऱ्यात गोधडी अंथरली आणि दर टाक्याला हरीचे नाव घेत शिवू लागला. चिखल मळून राठ झालेल्या बोटांत सुई पुनःपुन्हा शिरे. कापडाला डाग लागू नये म्हणून तो रक्त धोतराला पुशी आणि पुन्हा टाका घाली.

उन्हे कलली, तशा कावेरीबाई पाहायला आल्या. पाहतात तो काय! गोधडीला एकही चुणी नाही.

“समोरून कोणी धरलं रे?”

“कुणी न्हाई, बाईसाहेब. कापड आपसूक ताठ ऱ्हातंय, म्हून मी मान वर केली न्हाई.”

कावेरीबाईंनी समोरची कड धरून ओढली. कड हलेना. उलट पलीकडून एक हलका, सवयीचा हिसका आला. समोर बसलेली सोबतीण देते तसा. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या रिकाम्या बाजूने टाक्यामागून टाका उमटत भिवाकडे येऊ लागला. आणि नवल हे, की भिवाची ओळ जिथे वाकडी झाली होती, तिथे समोरची ओळही तेवढीच वाकडी येत होती!

“महाराज,” त्या कशाबशा बोलल्या, “साक्षात देव शिवतो, तर वाकडं का शिवतो?”

महाराज म्हणाले, “बाई, त्याला तुझ्याहून सुबक शिवता आलं असतं. पण आज त्याला भिवाच्या जोडीला बसायचं होतं.”

कावेरीबाईंनी महाराजांच्या चरणांवर मस्तक ठेवले. मग त्या वळल्या आणि भिवापुढेही वाकल्या. “भाऊ, माझं चुकलं.”

“आवो, पाया कशापायी पडताय!” भिवा गोंधळून म्हणाला. “दिस बुडाया आला, आन् मधली शिवण ऱ्हायलीय.” आणि त्याने पुन्हा सुई उचलली.

शेवटची गाठ पडली तेव्हा महाराजांनी गोधडीवर हात ठेवला व ते हळूच म्हणाले, “ही ज्याच्या अंगावर पडेल त्याला सुखाची झोप लागो. जिने आरंभली, तिला विसावा मिळो. आणि इथल्या साऱ्या हातांना देव सांभाळो.”