यंत्राला न लागणाऱ्या खुणा

"बाई, यंत्र ज्या खुणा वाचतच नाही, त्यांच्यासाठी हे पॅकेज बसवायचं कशाला?"

घाटमाथ्यावरच्या भूकंपमापन केंद्राची डिस्क गेली होती. करंदीकर बाईंनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या फाइली तेवढ्या शाबूत राहिल्या, बाकी सगळं नव्याने बसवायचं होतं. बाई केंद्राच्या प्रमुख. प्रमुख तरी कोणाच्या? माणसं दोनच, त्या आणि सर्वेश. सर्वेश हुशार होता, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नसे.

यंत्र जुनं, त्यावरची प्रोग्रामिंगची भाषाही जुन्या आवृत्तीची. नवी आवृत्ती त्याला पेलत नसे. म्हणून नवीतली एक सोय जुनीला जोडून देणारं पॅकेज बाईंनी पेनड्राइव्हवर जपलं होतं. सोय एवढीच, की प्रोग्राममधल्या प्रत्येक नावापुढे माणसाला वाचण्यासाठी खूण करता यावी: इथे आकडा येतो, इथे अक्षरं.

"काल लॅपटॉपवर पाहिलं. आकड्याच्या जागी माझं नाव घातलं, तरी हूं की चूं नाही. खुणा पुसून टाकतो, म्हणजे पॅकेजच नको. उद्या तुम्ही निवृत्त झालात की इथे मी एकटा. मला सगळं पाठ आहे."

बाईंना ते लागलं. तो येईपर्यंत अकरा वर्षं त्या इथे एकट्या होत्या, आणि खूण न् खूण त्यांच्या हातची होती.

खिडकीबाहेर धुकं होतं, नेहमीसारखंच.

"तू रुजू झालास तेव्हा मी कुठे होते?"

"दवाखान्यात, खाली गावात. टायफॉइड झाला होता तुम्हाला."

"मग केंद्र कोणी चालवलं?"

"मी." त्याची मान ताठ झाली. "पहिल्याच दिवसापासून."

"शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. फाइल उघडली, वाचत गेलो. कुठे काय येतं ते लिहिलेलंच..."

तो थांबला.

बाईंनी पेनड्राइव्ह त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली.

त्याने पॅकेज बसवलं. पडद्यावर दोन ओळी आल्या, झालं काम. मग फाइल उघडून तो खुणा पहिल्यापासून वाचू लागला. बराच वेळ वाचत होता. मागे वळून बघायची त्याला लाज वाटत होती.

"बाई... तेव्हा तर इथे कोणीच नव्हतं. अकरा वर्षं हे कोणासाठी लिहीत होतात?"

बाई चष्मा पुसत होत्या.

"उशीर केलास रे यायला."